गावनं पानी

आखाजीला पंधरा-वीस दिवस उरले की आमच्या गावात दवंडी व्हायची. गुरं घराकडे वळायच्या वेळेला कोतवाल डफ बडवत पारापासून निघायचा आणि आठ-दहा घरं झाली की थांबून ओरडायचा, ‘सकाय कालवा साफ कराना शे होऽ, घरमांगे एक मानूस!’ बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता फावडी, टिकाव, घमेली घेऊन माणसं बंधाऱ्याच्या वाटेला लागलेली असायची. पाटकरी हातात लांब काठी घेऊन कालव्याच्या काठाने पुढे चालायचा आणि काठी टाकत मोजत जायचा. ज्याची जितकी जमीन भिजते तितक्या काठ्या कालवा त्याच्या वाट्याला. त्या मोजणीवरून दरवर्षी भांडण ठरलेलं. ‘माझ्या वाट्याला सगळं बेशरमाचं बेट आलं आणि त्याच्या वाट्याला नुसती रेती,’ हे गाऱ्हाणं मी लहानपणी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय, की ती गावाची म्हणच आहे असं मला वाटायचं.

माझं काम भाकरी पोचवायचं. माय कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधून द्यायची. बाप कंबरभर खोल कालव्यात उभा असायचा, अंगभर काळा गाळ. आम्ही पोरं उपसलेल्या गाळात खेकडे शोधायचो. दुपारपर्यंत एवढी माणसं एका रेषेत वाकून काम करताना दिसायची, की लग्नाची पंगत बसलीय असं वाटावं. चार-पाच दिवसांत कालवा धुऊनपुसून तयार. मग आखाजी, झोके, खापरावरची पुरणपोळी, आणि सालदारांचं नवं साल सुरू.

आमचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. आता मी धुळ्याला देवपुरात राहतो, रोज पांझरेचाच पूल ओलांडतो, पण ती नदी आणि ही नदी एकच आहे हे स्वतःला अधूनमधून सांगावं लागतं.

ज्याला बाहेरचे लोक ‘फड सिंचन पद्धती’ म्हणतात तिला आम्ही नुसतं ‘फड’ म्हणायचो. तमाशाचा नव्हे, उसाचा. पांझरा, मोसम आणि आरम या तीन नद्यांवर, म्हणजे धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, ही व्यवस्था तीनशे-चारशे वर्षं चालत आली, असं अभ्यासक सांगतात. नदीत दगडाचा बंधारा. बंधाऱ्यातून निघालेला कालवा, कुठे दोन किलोमीटर तर कुठे बारा. कालव्यातून चाऱ्या, चारीतून शेताशेतात जाणारी सारंगं, जादा पाणी पुन्हा नदीत सोडायला सांडवे. सगळा उतार नजरेनं काढलेला. गावाची भिजणारी जमीन तीन-चार तुकड्यांत वाटलेली, तो एकेक तुकडा म्हणजे एकेक फड. एका फडात एकच पीक. यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू, तिसऱ्यात भुसार, एखादा पडीक. पुढच्या वर्षी अदलाबदल. कुठल्या फडात काय लावायचं ते गाव बसून ठरवणार. माझ्या शेतात मी काय पेरावं हे मी एकट्यानं ठरवायचं नाही, ही गोष्ट आज एखाद्या शेतकऱ्याला सांगून पाहा. तो तुम्हाला बांधावरून हाकलून देईल.

पण यात एक खुबी होती. बहुतेकांची जमीन एकाच ठिकाणी नव्हती. प्रत्येक फडात थोडा थोडा तुकडा. त्यामुळे नदीला पाणी कमी असलं की गाव एखादा फड सोडून द्यायचं आणि सगळ्यांचं सारखंच नुकसान व्हायचं. वरच्याचं भिजलं आणि खालच्याचं वाळलं, असं व्हायला जागाच नाही. बहात्तरच्या दुष्काळात बंधाऱ्यात बोटभर धार उरली होती. तेव्हा एकाच फडाला पाणी दिलं. आमचा त्यात पाऊण बिघा होता. शेजाऱ्याचाही जवळपास तेवढाच. दोघांच्या घरात ज्वारी सारखीच कमी आली, आणि दोघांच्या बायका सारख्याच कुरकुरल्या.

हे चालवायला माणसं नेमलेली. पाटकरी पाणी वाटणार, हवालदार देखरेख करणार, जागल्या पीक राखणार. पगार नाही, पिकातला ठरलेला वाटा. आमच्या वेळचा पाटकरी एका पायानं जरा लंगडायचा. शाळा शिकलेला नव्हता, पण कुठल्या सारंगाला किती वेळ पाणी, हे त्याच्या डोक्यात पंचांगासारखं बसलेलं. घड्याळ वापरायचा नाही. दिवसा सावली, रात्री तारे. स्वतःच्या हातानं दारं फोडायचा हक्क एकट्या त्यालाच. शेतकऱ्यानं पाण्याला हात लावायचा नाही.

माझ्या काकानं एकदा लावला. उसाला खत टाकलं होतं, पाळी तीन दिवसांवर होती, आणि काकाला धीर नव्हता. रात्री जाऊन दारं फोडलं. पाटकऱ्याला कसं कळलं देव जाणे, कदाचित खालच्या चारीतला आवाज बदलला असेल. तो अंधारात लंगडत आला आणि काकासमोर उभा राहून म्हणाला, ‘गावनं पानी शे, तुना बापनं नही.’ आमचं घर गावात मोठं. पाटकऱ्याचा वर्षाचा वाटा निम्मा आमच्यासारख्या पाच-सात घरांतून यायचा. तरी तो हे बोलला. मला हे वाक्य काकानंच पुढे कितीतरी वर्षांनी हसत हसत सांगितलं.

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती. पण पुढचंही सांगितलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी चावडीवर पंच बसले आणि काकाला दंड केला सव्वा रुपया आणि मारुतीला नारळ. त्याच हंगामात जागल्याचा डोळा लागला, गुरं उसात शिरली, आणि पंचांनी त्याच्या वाट्यातल्या पेंढ्या कापल्या. त्या पेंढ्यांवर त्याचं घर महिनाभर चाललं असतं. जागल्या भिल्ल होता, भूमिहीन होता, आणि पंचांत त्याच्या वस्तीतलं कुणी नव्हतं. बायका तर त्या चावडीच्या पायरीवरही चढायच्या नाहीत. फडाची आठवण काढून डोळ्यांत पाणी आणणाऱ्या आमच्या पिढीला मी हे नेहमी सांगतो: गावाची मालकी होती खरी, पण ‘गाव’ म्हणजे जमीनवाले. बाकीचे गावात राहायचे.

एवढं असूनही त्या व्यवस्थेकडे जाणत्या माणसांनी टोपी काढून पाहिलंय. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले आणि उमेदीची पहिली वर्षं त्यांनी नाशिक-खानदेशात काढली. पांझरेच्या कालव्याचं पाणी नळातून पलीकडे नेणारा दातर्तीचा सायफन त्यांच्याच हातचा. आमच्या भागात शाळेच्या सहली अजून तिथे जातात. पुढे नीरेच्या कालव्यावर त्यांनी ‘ब्लॉक पद्धत’ आणली, म्हणजे कालव्याखालच्या जमिनीचे तुकडे पाडून, पिकं ठरवून, पाळीनं पाणी द्यायचं. फडवाल्याला हे वाचून हसू येतं. आमच्या पाटकऱ्याला कुणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, यात नवं काय?

फडातला ऊस कारखान्याकडे जायच्या आधी गुऱ्हाळाकडे जायचा. थंडीत चार-पाच घरं मिळून नदीकाठी गुऱ्हाळ मांडायची. बैल घाणा फिरवायचे, मग घाण्याला इंजिन आलं. चुलवाणात चिपाडं सरकवणाऱ्याच्या भुवया जळालेल्या असायच्या. कढईतला रस आधी मळकट हिरवा, मग त्यावर मळी येते, ती झाऱ्यानं काढायची. मग रंग पालटत पालटत तपकिरी, आणि बुडबुडे मोठे व्हायला लागले की सगळे गप्प. कारण त्या वेळी गुळव्याशी बोलायचं नाही. तो बोटं गार पाण्यात बुडवून कढईतला थेंब उचलायचा, पुन्हा पाण्यात टाकायचा, गोळी वळून पाहायचा. गोळी टणक झाली की एक हुंकार, आणि चार माणसं दांड्याला धरून कढई वाफ्यात ओतणार. एका श्वासाचा उशीर झाला तर गूळ करपणार. गुळव्याला मजुरी मिळायची, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळे आपला सालभराचा ऊस त्याच्या दोन बोटांवर सोडून द्यायचे. काकवी मात्र फुकट. पाहुणा असो, शाळामास्तर असो की भिकारी, गुऱ्हाळावर आला तो हिरव्या पानावर काकवी घेऊनच जाणार.

मग कारखान्याची हवा आली. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी १९५० साली सहकारी कारखान्याचं गाळप सुरू करून दाखवलं होतं, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याला वाटायला लागलं की आपल्याकडेही धुराडं पाहिजे. आमच्या बापानं शेअर घेतला त्या दिवशी घरात शिरा झाला होता. जाड कागद, हिरवी नक्षी, खाली शिक्का आणि दोन सह्या. बापानं त्याची तसबीर करून घेतली आणि विठ्ठलाच्या फोटोशेजारी टांगली. ‘आता आपण मालक,’ म्हणाला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या कारखान्यानं आमच्या गावाला रस्ता दिला, माझ्या भावाला नोकरी दिली, आणि मला कॉलेजची फी. गुऱ्हाळं दोन-तीन हंगामांत विझली. गुळव्या ट्रकवर क्लीनर झाला.

पण एक गोष्ट बापाच्या लक्षात यायला वेळ लागला. फडात मालक असणं म्हणजे वर्षाला इतक्या काठ्या गाळ उपसणं. कारखान्यात मालक असणं म्हणजे वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेला जाऊन, मागच्या रांगेत बसून, ‘मंजूर, मंजूर’ म्हणणं आणि परतताना पेढ्याचा पुडा आणणं. हिशेब छापील असायचा, गुळगुळीत कागदावर. बापाला तो वाचता यायचा नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही यायचा नाही. शेवटच्या दोन हंगामांच्या उसाचे पैसे आले नाहीत. मग गाळपच झालं नाही. मी नाव घेत नाही, कारण खानदेशातल्या कुणालाही आपापल्या तालुक्याचं नाव तिथे घालता येईल. फैजपूरचा मधुकर कारखाना विकला गेला. चोपड्याचा भाड्यानं दिला. चाळीसगावचा बेलगंगा बँकेनं ताब्यात घेऊन विकला, आणि पुढे तालुक्यातल्याच माणसांनी पैसे उभे करून तो पुन्हा घेतला, पण आता कंपनी म्हणून. तसबीर अजून आमच्या जुन्या घरात आहे. विठ्ठलाचा फोटो वहिनीनं देव्हाऱ्यात हलवला, शेअर तिथेच राहिला.

याच खानदेशात, आमच्यापासून फार लांब नाही, अशा अमळनेरला १९४५ साली प्रेमजींनी वनस्पती तुपाची गिरणी काढली. गावातल्या लोकांनी, व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनीसुद्धा, तिचे शेअर घेतले आणि काहींनी ते निव्वळ विकायचा कंटाळा म्हणून ठेवून दिले. त्या गिरणीची विप्रो झाली आणि ट्रंकेतले कागद कोटींचे झाले. बाप ही गोष्ट ऐकून दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, ‘त्येस्ना कागद फयना, आमना नही.’ पण मला वाटतं, त्याहून वेगळी गोष्ट त्यात आहे. अमळनेरच्या शेअरवाल्याला गिरणीत काही म्हणता येत नव्हतं, त्याचा तसा दावाही नव्हता, आणि त्याची फसगतही झाली नाही. आमचा बाप मात्र मालक होता.

फड का मोडला, याचं खापर एकट्या कारखान्यावर फोडता येत नाही. नदीच्या वरच्या अंगाला धरणं झाली, लाटीपाडा, मालनगाव, जामखेली. नदीचं बारमाही वाहणं संपलं; पाणी आता नदीच्या नव्हे, वेळापत्रकाच्या हिशेबानं यायला लागलं. विजेचे खांब आले, त्यामागून विहिरीवर मोटारी. ज्याच्याकडे मोटार त्याला पाटकऱ्याची पाळी कशाला? आणि पाळी नको तर कालवा कशाला काढायचा? आमच्या घरानं गावात तिसरी मोटार बसवली. त्या वर्षी कालवा काढायला बापानं सालदाराला पाठवलं, स्वतः गेला नाही. पुढच्या वर्षी सालदारही गेला नाही. दवंडी किती वर्षं चालली आणि कधी बंद पडली, हे मला आठवत नाही, आणि गावात कुणालाच आठवत नाही.

जळगावकडे हीच गोष्ट केळीच्या पानावर लिहिली गेली. माझी आत्या रावेर तालुक्यात दिलेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे गेलो की आमच्या नदीकाठचं हिरवेपण फिकं वाटायचं. तापीकाठी मैलोन् मैल केळी, बहुतेक बसराई. तिच्या गावात फ्रूट सेल सोसायटी होती. कार्यालयाबाहेर काळा फळा, त्यावर खडूनं भाव: नवती इतका, पिलबाग इतका, कांदेबाग इतका, वापसी इतका. संध्याकाळी त्या फळ्यासमोर गर्दी व्हायची, निवडणुकीच्या निकालासारखी. घड कापून गाड्यांनी निंभोरा, सावदा, रावेर स्टेशनला न्यायचे. रेल्वेच्या डब्यात खाली वाळलेली केळीची पानं अंथरून थर लावायचे, आणि डबे दिल्लीला. डबा मिळणं न मिळणं यावर लोकांची झोप अवलंबून. एकट्या शेतकऱ्याला डबा कोण देणार? पण सोसायटीला मिळायचा, कारण सोसायटी म्हणजे शेकडो बागा. दिल्लीहून पट्टी आली की आत्याचे यजमान धोतराच्या सोग्यात नोटा बांधून यायचे आणि आधी सोसायटीच्या मुनीमजींनी कापलेली आडत, हमाली, तूट यांवर तासभर चिडायचे. हा चिडण्याचा तास मला फार आवडायचा. कारण मुनीमजी त्याच गल्लीत राहायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दातण करताना दोघांची गाठ पडायची. तूट का लागली, हे मुनीमजींना दातण तोंडात धरून सांगावंच लागायचं.

त्याच पट्ट्यातल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष पंडित नेहरू. नंदलाल बोसांनी बांबू आणि गावात मिळेल त्या सामानातून मंडप सजवला, आणि गांधीजींनी खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन मांडायला लावलं. आत्याच्या सासऱ्यांनी बैलगाडी जुंपून अख्खं घर तिथे नेलं होतं. नेहरू काय बोलले, ते त्यांना सांगता यायचं नाही, पण प्रदर्शनातला घाण्याचा तेलाचा वास आणि हातकागदाचा एक ताव ते मरेपर्यंत सांगायचे. गावानं आपलं आपण पिकवून, आपणच पक्कं करून विकावं, हा विचार खानदेशानं त्या आठवड्यात ऐकला. मग नव्वद वर्षं तो आम्ही भाषणांतून ऐकतोच आहोत.

आता जळगावच्या केळीला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे. रोपं ऊतिसंवर्धित, ठिबकवर वाढलेली, घडांवर निळ्या पिशव्या. माल कंटेनरमधून आखाताला जातो. आत्याचा नातू बागेतूनच व्हिडिओ कॉलवर व्यापाऱ्याला घड दाखवतो. भाव रोज सकाळी मोबाइलवर येतो, पण व्यापारी बांधावर आला की ‘माल हलका आहे’ म्हणून त्यातून पन्नास-शंभर खाली उतरतो. त्याच्याशी भांडता येत नाही, कारण तो उद्या या गावात असेलच असं नाही. उत्पन्न आजोबाच्या कितीतरी पट आहे. पक्कं घर, दारात गाडी. सोसायटीच्या इमारतीत मात्र आता एका खताच्या दुकानाचं गोदाम आहे. तो फळा मी शोधला. आतल्या खोलीत पोत्यांच्या मागे होता, आणि त्यावर अजून खडूचं ‘वापसी’ एवढं वाचता येत होतं.

माझा भाचा ग्रामविकासाच्या क्षेत्रात काम करतो. तो मला पटवत असतो की गावाच्या मालकीचे दिवस पुन्हा येताहेत. इंडोनेशियात २०१४ साली ग्रामकायदा झाला, आणि तिथे गावाच्या मालकीचे उद्योग, ‘बुमदेस’ त्यांचं नाव, हजारोंनी निघाले: पाणीपुरवठा, पर्यटन, दुकानं. आपल्याकडेही २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकरी उत्पादक कंपनीला जागा झाली, आणि आता खानदेशात दर तालुक्याला अशा कंपन्या आहेत. मी त्याच्याबरोबर दोन ठिकाणी गेलो. एका ठिकाणी हळद आणि मिरची दळून पाकिटं भरणाऱ्या बायका होत्या. त्यांच्या अध्यक्षबाईंनी मला न विचारता हिशेबाची वही काढून दाखवली. ती बाई चौथी शिकलेली. वही पेन्सिलीनं लिहिलेली, खाडाखोड केलेली, पण पान न् पान त्यांना तोंडपाठ. दुसऱ्या ठिकाणी चकचकीत कार्यालय, संगणक, भिंतीवर मोठा फलक, आणि कुलूप. सभासद कोण, असं विचारल्यावर पानटपरीवाल्यानं सांगितलं, ‘आम्हीच असू बहुतेक. सही घेतली होती आमची.’ त्याच्या हातातला चुना वाळून गेला होता, एवढा वेळ तो आठवत होता.

मला सगळ्यात जास्त ओळखीचं वाटलं ते बारीपाडा. पिंपळनेरच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीजवळ, साक्री तालुक्यातच. मी लहान असताना त्या बाजूचे डोंगर बोडके होत चाललेले पाहिलेत. लाकडाच्या गाड्या आमच्या गावावरून जायच्या, आणि आम्हीही त्यातलं लाकूड घ्यायचो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या चैत्राम पवारांनी वनवासी कल्याण आश्रमाच्या मदतीनं गावाला एकत्र केलं आणि सुमारे अकराशे एकर जंगल राखायचं ठरवलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. झाड तोडील त्याला दंड, पकडून देईल त्याला बक्षीस. बांध घातले, चर खणले. विहिरींना पाणी आलं, भात आला, पलीकडच्या गावांना पाणी देण्याइतपत झालं. २०२५ साली चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली तेव्हा धुळ्याच्या चहाच्या टपरीवर सगळे ‘आपला माणूस’ म्हणत होते. मीही म्हटलं, वास्तविक आम्ही ते लाकूड घेणारे.

तिथल्या वनभाज्यांच्या महोत्सवाला मी पावसाळ्यात गेलो. आदिवासी बायका, कोकणा जास्त, केळीच्या पानांवर शिजवलेल्या भाज्या मांडून बसलेल्या. करटोली, कुर्डू, टाकळा, बांबूचे कोंब, एवढी नावं मला येत होती. उरलेली शंभराच्या घरातली मला एकही येत नव्हती. एका म्हातारीनं मला एक पाला चाखायला दिला आणि म्हणाली, हा दोन पाण्यांत उकळला नाही तर घसा खाजतो. मी विचारलं, तुम्ही हा जंगलातून कितीही आणू शकता का? तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी पाटकऱ्यानं काकाकडे पाहिली असेल. ‘कितीही कसा? मुळासकट काढायचा नाही. पुढच्या वर्षी कुणी खायचा?’ कागद तिथेही आहेत, सामूहिक वनहक्काचे, २००६ च्या कायद्याखालचे. पण ती म्हातारी कागदाबद्दल बोलत नव्हती. आणि या वेळी चावडीवर बसणारे जमीनवाले नव्हते. त्या जागल्याचा नातू इथे असता तर पंचांत बसला असता, हे माझ्या मनात येऊन गेलं.

मागच्या उन्हाळ्यात गावी गेलो तर कालव्यावर जेसीबी आला होता. कसलासा निधी मंजूर झालाय, बंधारा दुरुस्त करून कालवे उकरायचेत, वरच्या धरणातून सोडलेलं पाणी फडांत खेळवायचंय म्हणे. चांगली गोष्ट आहे. यंत्रानं चार तासांत जे काढलं ते आमच्या गावानं चार दिवसांत काढलं नसतं. अडचण एकच होती. चालकाला कालवा कुठे आहे तेच दिसत नव्हतं. वरून शेतं आलेली, मधे एकानं गोठा बांधलेला, बाभळी माजलेल्या. सरपंचानं तरुण पोरांना विचारलं, पोरांनी मोबाइलवर नकाशा काढला, त्यात तो नाला दिसत होता. शेवटी कुणीतरी पाटकऱ्याच्या मुलाला बोलावून आणलं. तो आता ऐंशीच्या आसपास. बापासारखा लंगडत नाही, पण पाठीतून वाकलाय.

त्यानं काही विचारलं नाही. बंधाऱ्याच्या तोंडाशी उभा राहिला, डोळे बारीक करून पाहिलं, आणि झुडपांतून चालायला लागला. जेसीबी मागे. काही पावलं गेल्यावर माझ्या लक्षात आलं की तो हातातली काठी नुसती टेकत नाहीये. जमिनीवर आडवी टाकतोय, उचलतोय, पुन्हा टाकतोय. ओठ हलताहेत. चालकानं दोनदा हॉर्न वाजवला. तो वळलाही नाही. चिंचेच्या बुंध्याशी तो थांबला, काठीचं टोक मातीत रोवलं, आणि मागे उभ्या माणसांतून मला शोधून म्हणाला, ‘आठून तुमनं.’